चार नंबरचं पान

मे महिन्यातली दुपार. जालना रोडवर ऊन असं पसरलं होतं की कुत्रीसुद्धा उभ्या ट्रकांच्या खाली जाऊन पडली होती. अशा वेळी शहाणा माणूस घराबाहेर पडत नाही. पण तनुजाची आई दवाखान्यात बसली होती आणि सकाळपासून तिच्या पोटात चहाशिवाय काही गेलं नव्हतं. म्हणून तनुजानं डबा भरला, स्कार्फ डोळ्यांपर्यंत ओढला आणि उस्मानपुऱ्यातून चिकलठाण्याच्या दिशेनं स्कूटी काढली.

निम्म्या वाटेवर फोन वाजला. सोमनाथ होता. ती ज्याच्याकडं वेबसाइटी बनवायचं काम करायची, त्या दोन खोल्यांच्या ऑफिसाचा मालक.

"तनुजा, तू दवाखान्यातच चाललीयस ना? मग एक काम करून टाक बाई. त्यांच्या रूपा सिस्टरनी सकाळपासून माझं डोकं खाल्लंय. कोण्या एका माणसाच्या मोबाइलवर लॉगआउटनंतरही पेशंटचं पान दिसतंय म्हणे."

"मागचा बाण दाबत असेल," तनुजा म्हणाली.

"तेच. तू लॅपटॉप घेतलायस ना? पाच मिनिटाचं काम आहे."

पाच मिनिटांचं काम! सोमनाथच्या जगात ताजमहालसुद्धा पाच मिनिटांचं काम होतं. पण यावेळी तो फारसं खोटं बोलत नव्हता. या दवाखान्याची वेबसाइट तनुजानंच बनवली होती. अतिदक्षता विभागात नातेवाइकांना आत सोडत नसत, दिवसातून एकदा काचेतून तोंड दाखवत. बाकी सारा वेळ बाहेरच्या हॉलमध्ये बसून जीव टांगणीला लावायचा. म्हणून तिनं एक साधं पान केलं होतं. त्यावर पेशंटचं नाव, बेडचा नंबर, नाडी आणि ऑक्सिजन. आतल्या यंत्रावर आकडा बदलला की बाहेर मोबाइलवर बदलायचा. पेशंट घरी गेला, किंवा दुसरीकडं गेला, की सिस्टर त्याचं पान बंद करायच्या आणि नातेवाइकाच्या मोबाइलवर अक्षरं यायची, 'आपण बाहेर पडला आहात.'

एवढंच की ब्राउझर हा मोठा लोभी प्राणी. एकदा दाखवलेल्या पानाची एक प्रत तो स्वतःजवळ दडवून ठेवतो. बाहेर पडलेल्या माणसानं मागं जायचा बाण दाबला की ती शिळी प्रत पुढं करतो. त्यात जीव नसतो. शेवटच्या क्षणी जो आकडा होता तोच तिथं थिजलेला असतो.

ते पान बनवताना तनुजाला कुठं ठाऊक होतं की एक दिवस तिलाच ते उशाशी घेऊन झोपावं लागेल! प्रणय, तिचा धाकटा भाऊ, शेंद्र्याच्या कंपनीतून घरी येताना ट्रकखाली येता येता वाचला होता. वाचला म्हणजे श्वास चालू होता. डोक्याला मार होता आणि शुद्ध नव्हती. त्या दिवशी सकाळी निघताना त्यानं नेहमीप्रमाणं मागून येऊन तिची वेणी ओढली होती. लहानपणापासूनची खोड. घराबाहेर पडताना तिची वेणी ओढल्याशिवाय त्याचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडत नसे. ती वैतागून "मर मेल्या" म्हणाली होती. तेव्हापासून तो शब्द तिची पाठ सोडत नव्हता.

हॉलमध्ये निळे पडदे ओढलेले होते. कूलरचा वाळा भिजून त्याचा वास फिनाइलच्या वासात मिसळला होता. आई भिंतीला टेकून मोबाइलकडं बघत होती.

"तनू, आज काही खरं नाही गं," आई हळूच म्हणाली. "सकाळपासून त्याची नाडी मध्येच बुडते, मग वर येते. पुन्हा बुडते."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"बघू म्हणाले. त्यांनाही कळेना."

तनुजानं स्वतःच्या मोबाइलवर पान उघडलं. प्रणय. बेड नंबर चार. आकडा खाली घसरत होता. थांबला. मग अनिच्छेनं वर आला.

तेवढ्यात आतलं दार उघडून रूपा सिस्टर बाहेर आली. एरवी हॉलभर ऐकू जाईल अशा आवाजात बोलणारी बाई, आज तनुजाच्या कानाशी आली.

"ताई, तो बघा कोपऱ्यातला बाबा. कडुबा नाव आहे, करमाडचा. त्याची बायको मुक्ताबाई आपल्या चार नंबरलाच होती. गेली. मीच पान बंद केलं. आणि हा तिचं सगळं उरकून आज सकाळपासून परत इथंच येऊन बसलाय. येणाऱ्याजाणाऱ्याला मोबाइल दाखवतो, माझी बायको जिती हाय म्हणून. लोक घाबरतात हो."

"बंद करते मी. जुनी प्रत असते ती."

रूपा गेली नाही. पदराशी चाळा करत उभी राहिली.

"अजून एक सांगू? हसू नका… प्रणयभाऊ मिशरी लावतात का?"

"प्रणय? छे! त्याला सुपारीनं ठसका लागतो."

"चार नंबरला मिशरीचा वास येतोय. चादर बदलली, उशी बदलली, गादीसुद्धा बदलली… त्या म्हातारीला होती सवय. वास जातच नाही."

कडुबा खांबाला टेकून बसला होता. मळकं धोतर, टोपी मांडीवर, आणि खांबावरच्या प्लगातून आलेल्या वायरीला लावलेला मोबाइल दोन्ही हातांच्या ओंजळीत. तनुजा त्याच्यासमोर उकिडवी बसली.

"बाबा, मी हे पान बनवलंय. तुमच्या मोबाइलवर दिसतंय ना, ते जुनं आहे. फोटो असतो तसं समजा."

म्हाताऱ्यानं मान वर केली. डोळे कोरडे होते, पण त्यात राग नव्हता.

"फोटूतलं माणूस दम घेतंय व्हय, बाई?"

त्यानं ओंजळ पुढं केली. मुक्ताबाई. बेड नंबर चार. नाडीचा आकडा होता आणि तनुजा बघत असतानाच तो बदलला. पुन्हा बदलला.

शिळ्या प्रतीतला आकडा हलत नाही. हे तनुजाला जितकं पक्कं माहीत होतं तितकं स्वतःचं नावही नसेल. कुठून तरी प्रणयचेच आकडे या पानावर येत असतील, बेडचा नंबर एकच ना, असं तिनं स्वतःला समजावलं. तिनं मोबाइल मागून घेतला आणि फ्लाइट मोडवर टाकला. आता त्याचा बाहेरच्या जगाशी काहीच संबंध उरला नव्हता.

आकडा हलत राहिला. सावकाश, म्हाताऱ्या माणसाच्या नाडीसारखा.

कूलरचा वारा अंगावर येत होता तरी तिच्या मानेवरून घाम ओघळला. तिनं दुसऱ्या हातातला स्वतःचा मोबाइल शेजारी धरला. एका हातात मुक्ताबाई, दुसऱ्या हातात प्रणय. मुक्ताबाईचा आकडा वर चढला की प्रणयचा खाली यायचा. तिनं डोळे मिटून पुन्हा उघडले. तसंच. एका माठातलं पाणी दुसऱ्या माठात ओतावं, तसं ते चाललं होतं.

"बाबा… हे कधीपासून आहे?"

"करमाडच्या मसणवट्यातून निघालो तवापासून." कडुबाचा आवाज अगदी खाली आला. "तिथून निघताना मागं बघायचं नसतं. पोरानं बजावलं व्हतं, आबा, सरळ चाला. समदी सरळ चालली. पर म्या काय केलं… आमच्या घरात ती मला वाढल्याबिगर कधी जेवली नाय, बाई. तिला एकटीला तिथं टाकून कसं जावं? म्या मागं बघितलं."

"मग?"

"मंग ह्यो मोबाइल काढला. नुस्तंच लिवलेलं व्हतं, बाहेर पडला म्हणून. म्या ह्यो बाण दाबला. आली की ती परत. तवापास्नं हाय."

तनुजानं हात जोडले.

"बाबा, त्या बेडवर आता माझा भाऊ आहे. ते बंद करा. पाया पडते."

म्हाताऱ्यानं मोबाइल तिच्या हातातून अलगद काढून घेतला आणि पोटाशी धरला. मग फार समजुतीच्या स्वरात, आपल्याच लेकीला समजवावं तसं तो म्हणाला,

"तुजा भाऊ जवान हाय. त्याच्याजवळ लई हाय. माझी म्हातारी थकलेली… तिला लई लागत नाय, बाई."

मागून आईची हाक आली. हाक कसली, चिरकणंच ते. "तनू! अगं बघ ना त्याचं!"

तनुजाच्या हातातला आकडा झरझर उतरत होता. आतून यंत्राचा टिटि टिटि आवाज सुरू झाला आणि रूपाच्या चपला पळाल्या. तनुजानं लॅपटॉप तिथंच फरशीवर उघडला. बोटं काम जाणत होती. कुठलंही पान दाखवण्याआधी दारात कोण उभं आहे हे विचारलंच पाहिजे आणि त्याची प्रत कुणीही, कुठंही ठेवता कामा नये, अशी दोन-चार ओळींची दुरुस्ती. ती झाली. राहिलं ते चार नंबरवर जे कोणी असेल त्याला बाहेर काढणं. यादीत नावं बघायला, कुणाचं कोणतं ते ताडायला वेळ नव्हता. तिनं सगळा चार नंबरच निवडला.

"नगं बाई…" कडुबा गुडघ्यांवर पुढं सरकला. "बाहेर ऊन लई हाय… तिला उन्हात काढू नगं…"

तनुजानं बटण दाबलं.

फ्लाइट मोडवरच असलेल्या कडुबाच्या मोबाइलवरही अक्षरं उमटली, 'आपण बाहेर पडला आहात.' लगेच तिच्याही मोबाइलवर तीच अक्षरं आली. साहजिक होतं. सगळा नंबरच मोकळा केला होता, पुन्हा लॉगिन करावं लागणार. आणि त्याच क्षणी हॉलमधली वीज गेली.

कूलर घरघरत थांबला. पडद्यांमुळं भर दुपारी हॉलमध्ये काळोख झाला. आतला टिटि आवाजही बंद पडला. इतकी शांतता झाली की वाळ्यातून टपकणारं पाणी ऐकू यायला लागलं. त्या काळोखात तनुजाच्या अगदी जवळून मिशरीचा कडूशार वास गेला. तो आतल्या दाराकडं गेला.

आणि मागून कुणीतरी तिची वेणी ओढली. हलकेच, एकदा. मग उघड्या खिडकीजवळून जावं तशी उन्हाची एक झळ तिच्या पाठीवरून बाहेरच्या दाराकडं निघून गेली.

खुर्चीच्या पायात अडकली असेल वेणी, ती मनाशी म्हणाली.

जनरेटर धडधडला, दिवे लागले. खांबाजवळ वायर नुसतीच लोंबत होती. कडुबा कधी उठून गेला ते कुणी बघितलं नव्हतं. आतलं दार ढकलून रूपा बाहेर आली. ती हसत होती आणि रडतही होती.

"ताई! डोळे उघडले हो त्यांनी!"

आईनं तनुजाला अशी मिठी मारली की दोघी खाली बसल्या. तो आनंद खरा होता. त्याच्याबद्दल आज कुणी काही म्हणो, त्या दुपारी त्या हॉलमध्ये त्या दोघींइतकं सुखी माणूस अख्ख्या जिल्ह्यात नव्हतं.

प्रणय उस्मानपुऱ्यातल्या घरी आला. आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, गल्लीभर पेढे वाटले. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की डोक्याचा मार आहे, काही दिवस माणूस वेगळा वागेल. तसा तो वागत होता. मोबाइलसाठी जीव टाकणारा पोरगा, त्यानं मोबाइलला हात लावला नाही. पलंग सोडून खाली फरशीवर बसायचा. पोळी सरकवून भाकर मागायचा. कुणाचं लक्ष नसलं की उजव्या हाताचं बोट हिरड्यांवरून फिरवायचा, सावकाश, मागं-पुढं. "दात शिवशिवत असतील," आई म्हणायची.

वेणी मात्र त्यानं एकदाही ओढली नाही. तनुजा मुद्दाम त्याच्यासमोर पाठ करून बसायची. एकदा संध्याकाळी त्यानं तिची वेणी हातात घेतली. तिचं काळीज सुपाएवढं झालं. पण त्यानं ती ओढली नाही, नीट उचलून तिच्या पाठीवर टाकली.

"येणी मागं घे, बाई," तो म्हणाला. "चुलीत जाईल."

त्या घरात कधीच चूल नव्हती.

त्यानंतर काही दिवसांनी दिवेलागणीला दारात कडुबा उभा राहिला. हातात शेंगांची पिशवी. रूपाकडून पत्ता घेऊन आला होता. मान खाली घालून म्हणाला, "बाई, चुकलंच माझं. तुज्या भावाला बघून जावं म्हणलं."

तनुजाला त्याची कीव आली. तिनं त्याला आत घेतलं. प्रणय भिंतीशी फरशीवर बसून शेवग्याची पानं खुडत होता. त्यानं वर बघितलं. त्याचा हात आपोआप खांद्यावर गेला आणि तिथला, नसलेला पदर त्यानं डोक्यावरून पुढं ओढला. मग तो किंचित तिरका होऊन बसला.

"आलाव व्हय?" तो म्हणाला. आवाज प्रणयचाच होता. "लई उशीर केला. जेवला का न्हाय?"

पिशवी कडुबाच्या हातातून सुटली आणि शेंगा फरशीभर झाल्या. तनुजाला वाटलं, म्हातारा धावत जाऊन त्याचे पाय धरेल, याच्यासाठीच तर तो तिथं बसून होता. पण तो एक-एक पाऊल मागं सरत गेला. त्याचे ओठ हलत होते.

"असं नगं व्हतं… मुक्ते, असं नगं व्हतं मला…"

तो जिना उतरला, रस्त्याला लागला. तनुजा गॅलरीतून बघत राहिली. गल्लीच्या टोकापर्यंत त्यानं एकदाही मागं वळून बघितलं नाही.

आत प्रणय शेंगा गोळा करत होता. "येतील," तो शांतपणे म्हणाला. "जातील कुठं."

स्वयंपाकघरात आई कुठलंसं गाणं गुणगुणत कणीक मळत होती. तिला काय सांगायचं? पोटचा पोरगा समोर बसलाय, जेवतोय, बोलतोय. तनुजा गॅलरीच्या कोपऱ्यात गेली आणि तिनं मोबाइल काढला. दवाखान्याचं पान त्या दुपारपासून तसंच होतं, 'आपण बाहेर पडला आहात.' त्याच्यामागं काही असणं शक्य नव्हतं. दुरुस्ती तिनं स्वतः केली होती. कुठं प्रत नाही, काही नाही. उन्हाची ती झळ, ते हलकेच वेणी ओढणं तिला आठवलं आणि तिच्या डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहू लागलं. तिनं मागचा बाण दाबला.

प्रणय. बेड नंबर चार.

आकडा खूप खाली होता. पण तो हलत होता.

त्या दिवसापासून तनुजा कुठंही गेली तरी पर्समध्ये चार्जर असतो. ते पान ती बंद करत नाही, त्या मोबाइलवर दुसरं काही उघडत नाही. ऑफिसच्या कामासाठी तिनं वेगळा मोबाइल घेतला. आकडा आता बरा आहे. रोज थोडा चढतो.

परवा संध्याकाळी ती ऑफिसात एकटीच होती. सोमनाथचा फोन आला.

"तनुजा, दवाखान्यातून रूपा सिस्टरचा फोन होता. चार नंबरचं परत तेच झालंय. एक लहान पोरगी आहे त्या बेडवर, साधं ऑपरेशन होतं, पण तिची नाडी मध्येच बुडते. रूपा म्हणते, कुणाचं तरी जुनं पान उघडं राहिलंय. काय बोलते काही कळत नाही बाई. ऐक, उद्या जाऊन बघशील का? पाच मिनिटाचं काम आहे."

तनुजानं टेबलावर चार्जरला लावलेल्या मोबाइलकडं बघितलं. आकडा छान चालला होता.

"बघते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मग तिनं चार्जरची पिन नीट आत दाबून बघितली. लहान पोर आहे, तिच्याजवळ पुष्कळ असेल. प्रणयला लई लागत नाही. असं ती मनाशी म्हणाली आणि म्हणता म्हणता तिच्या अंगावर काटा आला.

तेवढ्यात मागून कुणीतरी तिची वेणी ओढली. हलकेच, एकदा. ऑफिसचं दार आतून लावलेलं होतं.

तनुजानं मागं वळून बघितलं.